ओळ तेहेतीस, रकाना चार

४ ऑगस्ट

आत्या,

वाकून नमस्कार. पाठीत कळ असताना वाकलेय, तेव्हा दुप्पट आशीर्वाद दे.

तुझ्या कानातल्या मधमाश्या काय म्हणतात? परवा फोन केला तर तू तीनदा "काय?" म्हणालीस आणि चौथ्यांदा चिडून ठेवून दिलास. म्हणून म्हटलं, कागद बरा. कागदावर तरी तू माझं पूर्ण ऐकून घेशील.

तुझी खुर्ची अजून करकरते. तुझा जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला माझा चहा पिऊन होईपर्यंत वेळ घेतो. बाकी सगळं तू लावून दिलंस तसंच चाललंय. दर सोमवारी सकाळी टेप घेऊन डोंगरावर जाते, भेगेच्या वरची खुंटी ते खालची खुंटी, सातही जोड्यांचं अंतर मोजते, खाली येऊन 'मोजणी' तक्त्यात त्या आठवड्याच्या ओळीत भरते. मग 'इशारा' तक्त्याच्या सूत्रात ओळीचा आकडा एकाने वाढवते. इशारा 'ठीक' म्हणाला की कागद छापून साहेबांच्या टेबलावर. साहेब वरची मोजणी बघतही नाहीत, खालचा एक शब्द बघतात आणि सही ठोकतात.

तुला वाटेल ही ठमी नीट करतेय की नाही. करतेय गं. जानेवारीत तू म्हणालीस तस्संच केलं. गेल्या वर्षीचा तक्ता काढून टाकला नाही, त्याच फाइलीत त्याच्याखाली नवा डकवला, डोक्यावरच्या ओळीसकट. "माझ्या मथळ्यातला एक काना इकडचा तिकडे करायचा नाही," असा तुझा दमच होता. केला नाही.

एकच विचारायचं होतं. चौथ्या जोडीचं अंतर मला वाढल्यासारखं वाटतंय. बारा मीटरचं अंतर आहे, त्यात गेल्या सोमवारी तीन मिलिमीटर जास्त आलं, या सोमवारी चार. इशारा मात्र म्हणतो, वाढ शून्य पूर्णांक चार. माझं गणित तुला माहीतच आहे, शाळेत असताना तूच माझे कान पिरगळले आहेत. पण चारातून काही वजा केलं तरी शून्य पूर्णांक चार कसं येतं?

आणि खालच्या आळीत दारं अडकायला लागलीत. अकरा घरांपैकी पाच घरांची. बाबांनी आपलं दार रंध्याने तासलं. आठ दिवसांनी पुन्हा अडकलं, पुन्हा तासलं. म्हणतात, ओलीने लाकूड फुगतं. सगळ्यांची दारं एकाच बाजूला कशी फुगतात, हे विचारलं तर म्हणाले, "तुझी आत्या डोंगर सांभाळतेय तोवर मी दार सांभाळतो."

तुझी,
ठमी

११ ऑगस्ट

ठमे,

दुप्पट आशीर्वाद दिला. आता दुप्पट बोलणी खा.

एकतीस वर्षं मी त्या डोंगराच्या उरावर चढले. माझ्या आधीचा माणूस बोटांवर मोजायचा आणि तंबाखूच्या पुडीवर लिहायचा. आपल्याला ती चौकोनांची झगमगती सॉफ्टवेअरं कुणी दिली नाहीत, म्हणून साध्या मजकुरात उभ्या-आडव्या रेघा ओढून मी ते तक्ते उभे केले. वर मोजणी, खाली इशारा, आणि इशाऱ्याच्या प्रत्येक घरात वरच्या तक्त्याचा पत्ता. आधी तक्त्याचं नाव, मग ओळ, मग रकाना. पत्ता बरोबर असेल तर यंत्र बरोबर घरात जातं आणि तिथला आकडा उचलून आणतं. त्यात न कळण्यासारखं काय आहे?

आता तुझे तीन आणि चार. लोखंडी टेप उन्हात लांब होते, गारठ्यात आखडते. बारा मीटरच्या टेपेत दोन-तीन मिलिमीटर असेच हवेत जातात. ती दुरुस्ती माझं सूत्र करतं. तू करायची नाहीस. उरलेला एक मिलिमीटर तुझ्या हाताचा. टेप ताणून धर, नवरीचा पदर धरल्यासारखी धरू नकोस. उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नकोस. मागे एकदा माझ्या हाताखालच्या बाईने अशीच आवई उठवली होती. अख्खी आळी गाठोडी घेऊन चार दिवस गोदामात झोपली, एका म्हातारीला न्यूमोनिया झाला, आणि डोंगर जिथल्या तिथे. त्यानंतर दोन वर्षं कुणी माझ्याशी धड बोललं नाही. तेव्हाच ठरवलं, यापुढे आळी रिकामी करायचा भोंगा वाजणार तो तक्ता 'हलवा' म्हणेल तेव्हाच. कुणाच्या पोटात गोळा आला म्हणून नाही.

दारं फुगतात. माझं इथलंही फुगलंय, आणि इथे तर सपाट जमीन आहे.

तुझ्या बापासाठी वेगळी चिठ्ठी घालतेय, त्याला दे. त्याने आईकडून भित्रेपणा घेतलाय, फक्त मिशांमागे लपवतो. लहानपणी सदऱ्याची गुंडी नेहमी एक घर चुकवून लावायचा, शाळेच्या वाटेवर मी दहादा सगळ्या सोडून पुन्हा लावायचे. घाई झाली की चुकायचाच. म्हणून तर गुंड्या नाव पडलं त्याचं. साठी ओलांडली तरी मला तो तसाच दिसतो.

डोळ्यांचं ऑपरेशन बरं झालं. आता सुनेच्या स्वयंपाकातला केस लांबून दिसतो, त्यामुळे घरात शांतता नाही.

आत्या

(सोबतची चिठ्ठी)

गुंड्या, दार तासून तासून चौकट उरेल. पोरगी घाबरट आहे, तू तरी होऊ नकोस. माझा तक्ता खोटं बोलत नाही. तो ठीक म्हणतो तोवर घरात पाय पसरून झोप. — ताई

१९ ऑगस्ट

आत्या,

बोलणी पोचली. टेप आता इतकी ताणते की तळहाताला वळ उठलेत.

चिठ्ठी बाबांना दिली. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. तीनदा वाचली, मग चष्मा पुसून चौथ्यांदा. संध्याकाळी ओट्यावर बसून आळीतल्या सगळ्यांना वाचून दाखवली, 'घाबरट' हा शब्द मोठ्याने, माझ्याकडे बघत. आता ती त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात असते. कुणी काही बोललं की खिशावर थाप मारतात. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईने मुलाकडे जायचं म्हणून ट्रंक भरली होती, चिठ्ठी ऐकून रिकामी केली. गवंडी आणि त्याची बायकोही जाणार होते, तेही थांबले. तुझ्या शब्दाला इथे केवढं वजन आहे, ते तुला तिथे बसून कळत नसेल.

खरं सांगू? मला त्या रात्री बरं वाटलं. तू म्हणतेस म्हणजे मीच भुई धोपटत होते.

पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून सांगते. आळीच्या तोंडाशी जो झरा आहे, त्याचं पाणी आठ दिवस गढूळ येतंय. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी गढूळच. गवंड्याच्या मागच्या भिंतीला चीर गेलीय. तो म्हणतो, माझीच भिंत, मीच लिंपतो. आणि कुत्री वरच्या रस्त्यावर जाऊन झोपतात. यातलं काहीही तक्त्यात भरायला रकाना नाही.

उलट तक्ता तर आता फारच खूश आहे. या सोमवारी चौथ्या जोडीत मी सात मिलिमीटर जास्त भरले, हात दोनदा तपासून. आणि इशाऱ्यात काय आलं सांगू? उणे सहा! म्हणजे भेग सहा मिलिमीटर मिटली! मी तीनदा सूत्र बघितलं. मोजणी, ओळ तेहेतीस, रकाना चार. पत्ता बरोबर आहे. साहेब इतके खूश झाले की त्यांनी चपराशाला बोलावून दाखवलं. म्हणाले, "बघा, डोंगर बरा व्हायला लागला." मीही हसले. काय करणार, साहेब हसले की हसावं लागतं.

तुझ्या समाधानासाठी इशाऱ्यातल्या चौथ्या जोडीच्या शेवटच्या तीन आठवड्यांच्या नोंदी उतरवून देते. एकतीस: ०.४, ठीक. बत्तीस: ०.३, ठीक. तेहेतीस: उणे ६, ठीक.

आत्या, उन्हाने टेप सहा मिलिमीटर उलटी जाते का?

ठमी

२६ ऑगस्ट

ठमे,

हे पत्र हातात पडल्या पडल्या पुढचं वाचू नकोस. आधी बाबाला घराबाहेर काढ. मग वाच.

तुझं पत्र आज दुपारी आलं. ते उणे सहा वाचलं आणि मी आधी माझी वही काढली. ते उणे सहा माझं आहे गं. गेल्या वर्षी तेहेतिसाव्या आठवड्यात खडीच्या ट्रकने चौथ्या जोडीची खालची खुंटी वाकवली होती. मी हातोड्याने ठोकून सरळ केली, म्हणून अंतर सहा मिलिमीटरने कमी भरलं. माझ्या खिशातल्या वहीत तारखेसकट लिहिलंय, ट्रकवाल्याला हासडलेल्या शिवीसकट. एकतीसला ०.४, बत्तीसला ०.३, तेही वहीत आहेत. मी ओळ ओळ ताडून पाहिली.

कळलं का तुला काय झालंय? तुझ्या फाइलीत दोन तक्ते आहेत आणि दोघांचंही नाव 'मोजणी'. यंत्र वरून खाली वाचत येतं. त्या नावाचा पहिला तक्ता भेटला की तिथेच थांबतं, खाली दुसरा आहे का हे बघत नाही. एका गल्लीत एकाच नावाची दोन घरं असली तर पोस्टमन पहिल्याच घरात टपाल टाकून मोकळा होतो ना, तसं. ओळ बरोबर, रकाना बरोबर, घर चुकीचं. तू जानेवारीपासून खालच्या तक्त्यात या वर्षीचा डोंगर भरतेयस आणि इशारा दर आठवड्याला गेल्या वर्षीचा डोंगर वाचतोय.

मी स्वतः दर वर्षी नवी फाइल काढायचे. एका फाइलीत दोन तक्ते मी कधी ठेवलेच नाहीत. तुझ्या हातून जुनं काही हरवेल या धास्तीने तुला सांगितलं की खालीच डकव. आणि मथळ्याला हात लावू नकोस, हेही मीच सांगितलं. तू ऐकलंस. एवढी वर्षं कधी ऐकलं नाहीस, ते नेमकं आताच ऐकलंस.

तुझे तीन, चार आणि सात खरे आहेत. दुरुस्ती धरूनही खरे आहेत. मी कागदावर करून पाहिली. इशारा दोन आठवड्यांपूर्वीच 'हलवा' म्हणायला हवा होता.

सुनेकडून साहेबांना फोन लावला. तिने सगळं समजावून सांगितलं, मी शेजारी ओरडत होते. साहेब म्हणाले, "बाईंना सांगा, आराम करा. आजचा कागद माझ्यासमोर आहे, तक्ता ठीक म्हणतोय." सून म्हणाली, तक्ताच चुकतोय. ते म्हणाले, "तक्ता बाईंचाच ना?" तू तेव्हा घरी गेली होतीस, म्हणून तुला निरोप द्या म्हटलं. देतो म्हणाले.

खालच्या तक्त्याचं नाव बदल. 'मोजणी-दोन' कर, 'नवी' कर, काहीही कर. सूत्रात तेच नाव घाल. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण त्यासाठीही थांबू नकोस. भोंग्याची किल्ली साहेबांकडे असेल तर कुलूप तोड. माझं नाव सांग.

आणि गुंड्याच्या खिशातली ती चिठ्ठी काढून घे आणि फाड. त्याच्यासमोर फाड. त्याला सांग, ताई चुकली. ताई चुकली, असं दोनदा सांग, एकदा सांगून त्याला पटायचं नाही.

आत्या

३१ ऑगस्ट

ठमे,

पाच दिवस झाले. तुझी एक ओळ नाही. सून रोज सकाळ-संध्याकाळ ऑफिसचा फोन लावते. आधी वाजायचा आणि कुणी उचलायचं नाही, तीन दिवसांपासून वाजतही नाही. ती म्हणते, पावसाने तार तुटली असेल. ती माझ्याकडे न बघता म्हणते.

मुलाला म्हटलं मला घेऊन चल. तो म्हणतो, रस्ता बंद आहे. कुठे बंद आहे विचारलं तर म्हणतो, पुढे.

तू रागावली असशील तर राग. मला पत्र नको लिहूस. फक्त एका कागदावर अकरा घरं लिही आणि प्रत्येकापुढे 'हलवलं' लिही. बाकी काही नको.

आत्या

५ सप्टेंबर

आत्या,

हे पत्र तुझ्याऐवजी दादाच्या नावावर पाठवतेय, त्याने तुझ्याजवळ बसून मग तुझ्या हातात द्यावं म्हणून. दादा, तिला आधी पाणी दे.

तुझं सव्वीसचं पत्र मला तीसला मिळालं. पोस्टमन वरच्या रस्त्यावर शाळेत आला होता, आम्ही सगळे तिथेच आहोत. त्याने पत्र दिलं आणि निघायचं सोडून तिथेच घुटमळत राहिला. पाकिटावर खालच्या आळीचा पत्ता होता.

साहेबांनी निरोप दिला नाही. चपराशी आता म्हणतो, साहेबांनी चिठ्ठी लिहून तुमच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवली होती. असेल. सत्तावीसला मी रजेवर होते, बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. तुझं ऑपरेशन बरं झालं म्हटल्यावर त्यांनाही करायचं होतं.

अठ्ठावीसला सोमवार नव्हता, तरी सकाळी वर गेले. का गेले, ठाऊक नाही. कुत्री आदल्या दिवशी जेवायलाही खाली आली नव्हती. वर पोचले तर चौथ्या जोडीची वरची खुंटी जागेवर नव्हती. टेप लावायला काही उरलंच नव्हतं. मी तशीच पळत खाली आले. कॉम्प्युटरकडे गेलेच नाही. किल्ली मागितली तर साहेब म्हणाले, आजचा इशारा काढून आणा. मी फावड्याने कुलूप तोडलं. तू सांगायच्या आधीच तोडलं, आत्या. तुझं नाव नाही सांगितलं.

भोंगा वाजल्यावर आळी बाहेर आली. शिंपीणबाई ट्रंकेशिवाय आली. गवंडी कुटुंबासकट आला. त्याची आई आजारी होती, तिला मी आणि गवंड्याने खुर्चीत बसवून उचललं. तू म्हणालीस म्हणून लिहिते. दहा घरं, हलवली.

बाबा ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, उठा. त्यांनी खिशावर थाप मारली आणि विचारलं, "तक्ता काय म्हणतोय?"

आत्या, मी खोटं बोलू शकले असते. 'हलवा म्हणतोय' एवढे दोन शब्द. पण भोंग्याचा आवाज, गवंड्याची आई हातात, माझ्या तोंडून जे होतं तेच निघालं. म्हटलं, तक्ता ठीक म्हणतोय, पण तुम्ही उठा. ते हसले. म्हणाले, "मग ताईचं ऐकू की तुझं? जा, म्हातारीला पोचवून ये. तोवर मी चहा टाकतो."

मी म्हातारीला पोचवायला गेले. शाळेपर्यंत वीस मिनिटं लागतात. परत येताना वळणावर आवाज आला. आवाज म्हणजे काय सांगू, जमीन खाकरल्यासारखी. मग आळी दिसायची थांबली.

तिसऱ्या दिवशी सापडले. घरात नाही, आत्या. घरापासून चाळीस पावलांवर, झऱ्याच्याही पुढे, शाळेच्या वाटेवर. पायात चपला होत्या. चिठ्ठी खिशात होती, ओली, पण तुझं अक्षर वाचता येत होतं. मी ती फाडली नाही. कुणासमोर फाडू?

काल मी ऑफिसात गेले. ऑफिस उंचावर आहे, त्याला काही झालं नाही. तुझी खुर्ची करकरली. खालच्या तक्त्याचं नाव बदललं, सूत्रात तेच घातलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. इशाऱ्यात चौथ्या जोडीपुढे 'हलवा' आलं. साहेबांनी कागद मागितला नाही.

तू आता स्वतःला काय काय म्हणत असशील, मला माहीत आहे. मीही म्हणते. मथळा मी डकवला, तू नाही. उणे सहा बघून हसले मी, तू नाही. आपण दोघी जन्मभर त्यावर भांडू. पण एक गोष्ट तुला कळायलाच हवी, म्हणून हे पत्र.

त्यांनी बाहेर जायचा सदरा घातला होता, इस्त्रीचा. मी त्यांना पुसत होते तेव्हा लक्षात आलं. सगळ्या गुंड्या एक घर चुकवून लावल्या होत्या. मी त्या सोडून पुन्हा नीट लावल्या, तू शाळेच्या वाटेवर लावायचीस तशा.

घाईत होते ते. म्हणजे निघाले होते, आत्या. उशिरा, पण स्वतःहून निघाले होते.

ठमी